पाठीमागची सायकल

सत्यवान केळुसकराचा माणसाच्या तोंडावर विश्वास नसे, दंडावर असे. मालवण तालुक्यात सायकलवरून गावोगाव फिरायचे आणि पोरांना देवीची लस टोचायची, हे त्याचे सरकारी काम. या कामात पंधरा वर्षे काढल्यावर त्याला एक गोष्ट पक्की कळली होती. पोराला टोचून घ्यायचे नसेल तर आई देवळाकडे हात करून खोटे सांगते. "आमच्या झिलाक गेल्या वर्साच टोचलला," असे कोणी म्हटले की तो मान डोलवी आणि पोराची बाही वर सारून वण शोधी. वण नसला की पेटी उघडी. 'देवीडॉक्टर इलो' अशी हाळी उठली की अर्धी पोरे काजूच्या झाडांवर चढून बसत. तो झाडाखाली सायकल लावून निवांत उभा राही. पोर कधी ना कधी खाली उतरतेच.

एकोणीसशे साठच्या वैशाखात तो चौक्याला निघाला होता. मालवण सोडले की लगेच कुंभारमाठची चढण लागते. त्या चढणीवर त्याला खोकल्याची उबळ आली, ती थांबेचना. सायकलवरून उतरून तो रस्त्याच्या कडेला वाकला. तिथल्या तांबड्या धुळीत पडलेले रक्त त्याला आधी दिसलेच नाही. रुमालाने तोंड पुसले तेव्हा कळले.

क्षय निघाला. घाटावरच्या सॅनिटोरियममध्ये तो अकरा महिने होता. इंजेक्शनांनी दोन्ही कुल्ले दगडासारखे झाले, गोळ्यांनी तोंडाची चव गेली, आणि पडून पडून पायांच्या पोटऱ्या काठ्यांसारख्या झाल्या. शेजारच्या खाटेवर कोल्हापूरकडचा एक मास्तर होता. त्याला डॉक्टरांनी 'तुम्ही बरे झालात' म्हणून घरी पाठवले. वॉर्डातल्यांनी त्याला टाळ्या वाजवून निरोप दिला. दीड महिन्याने तो गेल्याचे त्याच्या भावाचे कार्ड आले. ते कार्ड सगळ्या वॉर्डाने वाचले. त्यानंतर चार महिन्यांनी डॉक्टर सत्यवानाच्या खाटेशी आले आणि म्हणाले, "केळुसकर, तुम्ही बरे झालात."

सत्यवानाने त्यांच्या तोंडाकडे पाहिले. मग त्याला दुसरेही दिसले. त्याला न्यायला आलेल्या यशोदेला, त्याच्या बायकोला, डॉक्टरांनी दाराआड बोलावले आणि तिथे दोघे बराच वेळ बोलत होते. ती बाहेर आली तेव्हा तिची मान खाली होती.

"काय सांगल्यानी डॉक्टरांनी?" त्याने एसटीत विचारले.

"काय नाय. दूध, अंडी खाऊक घाला म्हणून सांगल्यानी," यशोदा म्हणाली आणि खिडकीबाहेर बघू लागली.

मालवणात देऊळवाड्यातल्या घरी आल्यावर लोक भेटायला आले. ते आत न येता अंगणात उभे राहून बोलत. 'सत्यवानाक यमान परत धाडल्यान' असा विनोदही झाला. चहा दिला तर 'आत्ताच घेवन इलंय' म्हणत. घरातही त्याचे डोळे सारखे शोधत. त्याचा पितळेचा पेला कोनाड्यात वेगळा का? पाच वर्षांची लेक कावेरी त्याच्या मांडीवर बसली की यशोदा तिला कसल्या तरी कामाला का बोलावते?

"माझोच पेलो येगळो कित्याक गो?"

"येगळो खंय? तेका पोचो पडललो आसा म्हणान तुमका दिसता. बाकीचेय थंयच आसत."

तो उठून कोनाड्यापाशी गेला. बाकीचेही तिथेच होते. पण ते आत्ताच आणून ठेवले नसतील कशावरून?

कार्यालयात त्याच्या जागी दुसरा माणूस काम करत होता. सत्यवानाला परत घेण्याचा निर्णय फेब्रुवारीत तपासणी झाल्यावर व्हायचा होता. त्याचा कागद मधू धुरी नावाच्या कारकुनाकडे होता. हा मधू अठ्ठावीस-तीस वर्षांचा, किडकिडीत, हसरा माणूस. पण सत्यवान कागदासाठी गेला त्या दिवशी तो फारच चौकशा करत होता. "रात्री घाम येतो का अजून? वजन किती वाढलं? पहिल्यांदा रक्त पडलं त्याच्या आधी किती दिवस ताप होता?" कार्यालयातली शुद्ध भाषा, गोड आवाज. सत्यवानाने सगळ्याला 'ठीक आहे' एवढेच उत्तर दिले. बाहेर पडताना त्याने वळून पाहिले तर मधू काहीतरी लिहून घेत होता.

त्या रात्री त्याने ठरवले. डॉक्टर बोलतो, बायको बोलते, कारकून लिहितो, यातले काहीच खरे धरायचे नाही. खरे काय ते सायकल सांगेल. आजाराआधी तो वर्षातून एकदा वेंगुर्ल्याला, थोरल्या बहिणीकडे, तुळसाअक्काकडे सायकलने जाई. कुडाळवरून तीस-बत्तीस मैल. एका दिवसात तेवढे जाता आले आणि थुंकी स्वच्छ राहिली, तरच आपण बरे झालो. नाहीतर त्या मास्तरासारखेच आपलेही कार्ड कोणीतरी लिहील.

दसऱ्याला त्याने सायकल काढली. दीड वर्ष पडवीत उभी राहून ट्यूब चिकटून गेल्या होत्या, साखळीला गंज चढला होता. दोन दिवस तो तिच्याशी झटत होता. तिसऱ्या दिवशी पहाटे बाहेर पडला आणि वाडीच्या टोकाला पोचेपर्यंत डोळ्यांपुढे काजवे चमकले. सायकलला टेकून उभा राहिला. मग रस्त्याकडेच्या झाडाचे एक रुंद पान तोडले, त्यावर थुंकला, उजेडाकडे धरून नीट पाहिले आणि टाकून दिले. थुंकी पांढरी होती.

मग रोज तेच. आठ दिवसांनी कुंभारमाठच्या चढणीच्या पायथ्यापर्यंत. पंधरा दिवसांनी चढणीवर अर्ध्यापर्यंत, तेही हातात धरून चालवत. दिवाळी झाल्यावर एके दिवशी तो न उतरता माथ्यावर पोचला. वर कातळावर वारा होता, छाती भात्यासारखी वरखाली होत होती, आणि डाव्या बरगडीखाली एक बारीक टोचणी लागली होती. त्या टोचणीला तो घाबरला. जाता-येता दर मैलाला पान तोडून बघू लागला. घरी यशोदा म्हणे, "एवढा मरामरा कित्याक करतास? डॉक्टरान चलाक सांगल्यान हुता, सायकल मारूक नाय." त्याच्या मनात येई, हिला मी बरा झालेला नकोय की काय? की हिला ठाऊक आहे मी बरा होणारच नाही?

डिसेंबरात तो चौक्याच्या पुढे जाऊ लागला आणि तेव्हा त्याला पहिल्यांदा ती सायकल दिसली. दोनशे पावलांवर मागे एक माणूस, डोक्याला मफलर गुंडाळलेला. सत्यवान थांबला की तोही थांबे, वाकून साखळीशी काहीतरी करी. तीन दिवसांनी परत तोच. सायकल भाड्याची होती, मागच्या मडगार्डवर पांढऱ्या रंगात बारा आकडा. त्या महिन्यात गोव्याच्या सरहद्दीकडे लष्कराच्या गाड्या चालल्या होत्या आणि बाजारात जो तो अनोळखी माणसाला हेर म्हणत होता. पण सत्यवानाच्या पाठीवर हेर कोण आणि कशाला ठेवील?

पाचव्या-सहाव्या वेळी वाऱ्याने मफलर सुटला. मधू धुरी.

आता सत्यवानाला सगळे लख्ख कळले. बदली माणसाला कायम करायचे घाटत असणार. केळुसकर चढणीवर धापा टाकतो, अर्ध्या वाटेत बसतो, असा अहवाल पाहिजे असणार. म्हणून या कारकुनाला पाठवला. दुसऱ्या दिवशी धामापूरच्या अलीकडे एका वळणावर त्याने पान तोडून थुंकून पाहिले, ते रस्त्याच्या कडेला टाकले, आणि सायकल उचलून गडग्याच्या आड जाऊन बसला. गडगा कमरेएवढा, दगडांच्या फटीतून रस्ता दिसत होता.

मधू आला. सत्यवान दिसेना म्हणून थांबला. मग त्याने सायकल आडवी ठेवली, खाली वाकला आणि ते पान उचलले. दोन्ही हातांनी धरून उजेडाकडे केले. कितीतरी वेळ बघत होता.

माणूस मेल्यावर कावळा बसतो तसे हे माझ्या थुंकीवर टपून बसले आहेत! उठून त्याची मान धरावी असे वाटले. पण भांडण केले तर तेही कागदावर चढेल. तो दात खाऊन बसून राहिला. मधूने पान होते तिथे ठेवले, रुमाल तोंडाला लावला आणि उलटा फिरला.

संक्रांत झाल्यावर एका गुरुवारी पहाटे सत्यवानाने कॅरियरला एक पिशवी बांधली. यशोदेने ओळखले.

"आज खंयसर?"

"वेंगुर्ल्याक. अक्काकडे."

"सायकलीन? तुमका याड लागला काय?"

"तू माका एक सांग," तो तिच्याकडे वळला. "डॉक्टरान तुका दाराआड काय सांगल्यान? मी मरतलंय म्हणान सांगल्यान ना?"

यशोदा चुलीपुढे बसली होती. फुंकणी खाली ठेवून ती उठली. आधी तिने कावेरी झोपलेली आहे ना ते पाहिले.

"दोन वर्सा घरात पाळणो हलाक नको, असा सांगल्यानी. घोवाचा दुखणा उलाटता, आणि बायलेचाय. झाला समाधान?"

दोन वर्षे मूल होऊ द्यायचे नाही, एवढेच होते ते दाराआडचे बोलणे. मग सत्यवान म्हणाला, "ता माका कित्याक सांगूक नाय?"

"सांगून तुमका खरा वाटला असता? तुमी खरा मानतास खंय कोणाचा!" ती परत चुलीकडे वळली. "जावा. भाकरी बांदून घेवन जावा."

भाकरी घेऊन तो निघाला. निम्मे खरे वाटत होते, निम्मे नाही.

कुंभारमाठची चढण एका दमात गेली. चौके मागे पडले. काजूला मोहर आला होता आणि थंडीमुळे धूळ बसलेली होती. धामापूरला तलावाच्या काठी तो भाकरी खायला थांबला आणि मागे वळून बघायची गरजच नव्हती. बारा नंबर होताच. ठीक आहे, त्याने मनात म्हटले, ये. वेंगुर्ल्यापर्यंत ये. लिही तुझ्या कागदात किती मैल झाले ते.

नेरूरपारला खाडी होती. होडी एकच. सत्यवान सायकल आडवी घालून होडीत बसला. होडी लगेच सुटली नाही, तोवर मधू आला. आता त्याला लपता येईना. तोही सायकल घेऊन चढला आणि दुसऱ्या टोकाला पाण्याकडे तोंड करून बसला.

"दोगव जोडीन इलास काय?" होडीवाल्याने विचारले.

"नाय," दोघेही एकदम म्हणाले.

पलीकडे उतरल्यावर सत्यवानाने मुद्दाम वेग वाढवला. कुडाळच्या बाजारातून तो न थांबता गेला. पायांत आता जुनी चाल येऊ लागली होती. दहा-अकरा मैल राहिले असतील तेव्हा मठ गावाच्या बाजूची चढण सुरू झाली. अर्ध्या चढणीवर त्याने मागे पाहिले. रस्ता रिकामा होता. दोन मिनिटे वाट पाहिली. कोणी नाही. हा गडी गडग्याआड बसला की काय, माझ्यासारखा?

त्याने सायकल वळवली आणि उतारावरून सावकाश खाली आला. मोरीच्या कठड्यावर मधू बसला होता, दुमडल्यासारखा. सायकल रस्त्यातच पडली होती. तो खोकत होता. सत्यवानाला बघताच त्याने रुमालाची मूठ मांडीखाली घातली.

पंधरा वर्षे बाह्या वर सारलेल्या हाताने सत्यवानाने त्याचे मनगट धरले आणि मूठ उघडली. रुमाल लाल होता. ताजे रक्त.

मोरीखालून पाणी वाहत होते.

"तुका कोणी धाडल्यान माझ्या पाठी?" सत्यवानाने विचारले.

"कोणी नाय."

"मगे?"

"तुमी वाचतास काय मरतास, ता बगूक," मधू म्हणाला. मग एकदम बोलू लागला. "गणपतीच्या आधीपासून पडता आसा. घरात कोणाक सांगूक नाय. आवशीक नाय, भयणीक नाय. भयणीचा लगीन जमलला आसा, ह्यां कळला तर मोडतला. आणि सांगून तरी काय करतलंय? सगळे म्हणतत, थंय गेललो परत येणा नाय. तुमी इलास. म्हटलंय, ह्यो माणूस जगता काय बगूया. तुमी पडलास तर जावन उपेग नाय."

"माझो कागद तुझ्याकडे आसा. तेच्यार लिवलला नाय बरो झालंय म्हणान?"

मधू हसला आणि परत खोकला. "दादा, कागद मीच लिवतंय. कागदार काय काय लिवतत ता माझ्याशिवाय कोणाक म्हायत? म्हणान पान बगी. पान खोटा बोलूचा नाय."

सत्यवान त्याच्या शेजारी कठड्यावर बसला. सहा आठवडे ज्याला मनात शिव्या दिल्या तो हा. त्याला 'घाबरू नकोस, बरा होशील' असे म्हणायला पाहिजे होते. पण जे त्याने स्वतः डॉक्टरच्या तोंडून घेतले नव्हते, ते दुसऱ्याच्या गळ्यात कसे घालायचे?

"डॉक्टर म्हणता मी बरो झालंय," तो म्हणाला. "माका आजून खरा वाटणा नाय. खोटा कित्याक सांगू?"

मधूने मान खाली घातली.

"पण हयसर बस. उठा नको."

सत्यवान सायकलवर बसला आणि परत ती चढण चढू लागला. या वेळी सुरुवातीचा वेग नव्हता, मांड्या भरून आल्या होत्या. बरगडीखालची टोचणी लागली, तिच्याकडे त्याने लक्ष दिले नाही. वळणापाशी तोल गेला, सावरला. माथ्यावर एक साग होता. त्याचे सुपाएवढे पान त्याने तोडले आणि उतारावरून खाली आला. मधूसमोर उभा राहून त्याने छातीच्या तळापासून खाकरा काढला आणि पानावर थुंकला. स्वतः न बघता पान पुढे केले.

"घे. तूच बग."

मधूने पान घेतले, धामापूरला घेतले होते तसेच, दोन्ही हातांनी. उन्हात इकडून तिकडून फिरवले.

"पांढरीच आसा," तो म्हणाला.

"नीट बगलंस?"

"बगलंय."

तेव्हा कुठे सत्यवानाने पाहिले.

वेंगुर्ल्याची एसटी तासाभराने आली. बारा नंबरची सायकल टपावर टाकून त्याने मधूला बसवले, अक्काचे घर सांगून ठेवले, कंडक्टरला सांगितले की याला उलट्या होतात, पुढच्या सीटवर असू दे. उरलेले मैल तो एकटा गेला. पाठीमागे कोणी नव्हते, तरी दोनदा त्याने वळून पाहिले. दिवस मावळायच्या आत तो तुळसाअक्काच्या अंगणात उतरला तेव्हा त्याला उभे राहवेना. अक्काने पायांना खोबरेल चोळले आणि शिव्या दिल्या. दुसऱ्या दिवशी तो मधूला तिथल्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. छातीचा फोटो काढला. डाव्या फुफ्फुसात रुपयाएवढी पोकळी होती.

मधू माघात घाटावर गेला. सत्यवान फेब्रुवारीच्या तपासणीत पास झाला आणि चैत्रात परत पेटी घेऊन गावोगाव हिंडू लागला. बदली माणूस आनंदाने कणकवलीला गेला, त्याचे घर तिकडेच होते. कट वगैरे काही नव्हता.

पण एक वाईट झाले. मधूच्या बहिणीचे, शुभदाचे, जमलेले लग्न मोडले. वरपक्षाला कळले होते. कोणी सांगितले? मधूची आई सावित्री सगळ्या वाडीला सांगत सुटली की हे काम केळुसकराचेच, त्याच्याशिवाय कोणाला ठाऊक होते? लोक सत्यवानाकडे निराळ्या नजरेने बघू लागले. दुकानात तो शिरला की बोलणे थांबे. आजवर तो दुसऱ्यांच्या बाह्या वर सारत आला होता, आता कोणी त्याची सारली तर दाखवायला वण नव्हता. "मी सांगूक नाय," एवढे त्याने यशोदेला सांगितले.

"माका म्हायत आसा," ती म्हणाली.

"तुका कसा म्हायत?"

"म्हायत आसा, झाला," यशोदा म्हणाली.

मधूलाही आईने पत्रातून तेच कळवले असणार, कारण घाटावरून येणारी त्याची कार्डे बंद झाली. सत्यवानाने मात्र लिहिणे सोडले नाही. तो काही लांबलचक लिहिणारा नव्हता. दर आठवड्याला एक कार्ड, त्यावर गावांची नावे आणि शेवटी थुंकीचा रंग. 'आचरा, जाऊन येऊन चोवीस मैल. पांढरी.' 'पावसाने पोयपला अडकलो. रात्री थोडा खोकला. सकाळी पांढरी.' एकदा लिहिले, 'आज तांबडी वाटली, घाबरलो. पान खाल्ले होते.' पोस्टमन ही कार्डे वाची आणि बाजारात सांगे, त्यामुळे केळुसकराची थुंकी मालवणात सगळ्यांना तोंडपाठ झाली. पाच महिने उत्तर नव्हते. सहाव्या महिन्यात कार्ड आले. त्यावर एकच ओळ : 'वजन सात पौंडांनी वाढले. पान पाठवता येत नाही, विश्वास ठेवा.'

चौदा महिन्यांनी मधू परत आला. खांदा एका बाजूला थोडा कललेला, आवाज बसलेला, पण चालता-बोलता.

तो आल्याच्या दुसऱ्या आठवड्यात एका दुपारी सावित्री सत्यवानाच्या पडवीत आली. हातात कोकमाच्या आगळाची बाटली होती. ती ओट्यावर ठेवून ती उभीच राहिली. बस म्हटले तरी बसेना.

"ता शुभदाच्या लग्नाचा," ती म्हणाली. "ता तू सांगूक नाय हुतंस."

"नाय," सत्यवान म्हणाला.

"मीच सांगललंय. तेच्या होणाऱ्या सासवेक. ती माझ्या फुडे बसान पुरणपोळी खाय हुती, चेडवाक सोना घालतलंव म्हणा हुती. माझ्या तोंडात खोटा राहिलाच नाय. सांगून टाकलंय." तिने पदराने तोंड पुसले. "मगे झिलाक काय सांगू? तेच्यासाठी तुझा नाव घेतलंय. तू तसोय परको."

इतक्या वर्षांत एवढ्या आया सत्यवानाशी खोटे बोलल्या होत्या. ही पहिलीच, जी त्याने न विचारता खरे सांगायला उन्हातून चालत आली होती.

"मधूक सांगलास?" त्याने विचारले.

"नाय. तूच सांग."

"मी नाय सांगूचंय," तो म्हणाला. "तुमीच सांगा. माझा कोणाक खरा वाटणा नाय."

यशोदा आतून दोन पेले चहा घेऊन आली. सावित्री आता बसली.